ल्युटन टाऊन: वर गेले, खाली आले, परत खाली गेले. प्रमोशन परवडलं का?

२७ मे २०२३ ला ल्युटन टाऊन हा फुटबॉल क्लब लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर पेनल्टी शूटआऊट जिंकून इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या, प्रीमियर लीगमध्ये गेला. मे २०२४ ला तिथनं खाली आला. आणि ३ मे २०२५ ला चॅम्पियनशिपमधनंपण, म्हणजे दुसऱ्या पायरीवरनंपण, घसरून थेट लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. चढायला नऊ वर्षं लागली आणि दोन पायऱ्या उतरायला दोन सीझन पुरले.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे सध्या कोल्हापुरात आमच्या पेठेत ह्याच विषयावर रोज भांडणं चाललीत. पेठेची फुटबॉल टीम वरच्या गटात जायच्या बेतात आहे आणि मंडळात सरळ दोन तट पडलेत. पोरं म्हणतात वर जायचंच, शाहू स्टेडियमवर मोठ्या टीमांसमोर खेळायला मिळणार आणि गॅलरी फुल्ल असणार. जुनी माणसं म्हणतात अरे बाबांनो, वर जायचं म्हणजे बाहेरचे खेळाडू आणायला लागणार, त्यांचं मानधन, राहायची सोय, पैसा कोण देणार, आणि परत एका वर्षात खाली आलो तर हातात काय राहणार. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण वाद घालताना सगळे नुसतं 'त्या टीमचं असं झालं, ह्या टीमचं तसं झालं' एवढंच बोलतात, पूर्ण हिशोब कुणी मांडत नाही. म्हणून मी म्हटलं एका टीमची केस पहिल्यापासून शेवटपर्यंत बघूया. ल्युटन घेतली कारण तिच्यात दोन्ही बाजूंचे पुरावे सापडतात.

आधी ही टीम कुठनं आली ते बघा. १८८५ चा क्लब, गाव लंडनच्या उत्तरेला, एकेकाळी टोप्या बनवण्यासाठी प्रसिद्ध म्हणून ह्यांना हॅटर्स म्हणतात. १९८८ ला आर्सेनलला ३-२ हरवून लीग कप जिंकलेला. १९९२ ला वरच्या डिव्हिजनमधनं खाली गेले आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीग सुरू झाली, म्हणजे पैशाचा पूर यायच्या आधी एक सीझन ह्यांची जागा गेली. नंतर तर हालच. २००७, २००८, २००९ असं सलग तीन वर्षं खाली. जुन्या मालकांच्या काळातल्या आर्थिक घोळामुळं २००८-०९ ला सीझन सुरू व्हायच्या आधीच ३० पॉइंट कापले, मायनस ३० वरनं सुरुवात केली तर कोण वाचणार? पाच वर्षं नॉन-लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्याही खाली काढली. क्लब बुडता बुडता वाचला तो समर्थकांनीच एकत्र येऊन हातात घेतल्यामुळं, आणि ही गोष्ट पुढं हिशोबात महत्त्वाची ठरते. २०१४ ला परत लीगमध्ये, २०१८ आणि २०१९ ला लागोपाठ प्रमोशन, आणि २०२३ ला वेम्ब्ली. पेली रडॉक म्पान्झू हा खेळाडू नॉन-लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत एकाच क्लबकडनं खेळला, असं करणारा तो पहिलाच.

मैदानाचं सांगायलाच पाहिजे कारण कोल्हापूरच्या माणसाला ते लगेच कळेल. केनिलवर्थ रोड, १९०५ पासूनचं, जेमतेम बारा हजारांचं, घरांच्या वस्तीत अडकलेलं. पाहुण्या टीमच्या सपोर्टरना आत जायचं गेट चक्क चाळीसारख्या घरांच्या रांगेत आहे, आत शिरलं की लोखंडी जिन्यावरनं जाताना खाली लोकांच्या परसात वाळत घातलेले कपडे दिसतात. असलं मैदान प्रीमियर लीगमध्ये चालणार नाही म्हणून एक अख्खी बाजू पाडून नव्यानं बांधायला लागली, टीव्ही कॅमेरे, लाईट, प्रेसची व्यवस्था, एक कोटी पौंडाच्या आसपास खर्च. ते काम वेळेत संपलं नाही म्हणून बर्नलीविरुद्धची पहिली घरची मॅच पुढं ढकलली. प्रमोशनचं पहिलं बिल ते.

आता पैसा. फायनलच्या वेळी सगळीकडं छापून येत होतं की ही मॅच किमान १७ कोटी पौंडांची आहे, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण सतराशे कोटी रुपये. डेलॉइट ह्या हिशोब तपासणाऱ्या कंपनीचा तो अंदाज, आणि पहिल्या वर्षी टिकलात तर २९ कोटी पौंडांपर्यंत. लोक हा आकडा ऐकतात आणि वाटतं की कपाबरोबर कुणी चेक हातात दिला. तसं नसतं. त्यातला मोठा भाग त्या एका सीझनचे टीव्हीचे पैसे, तळाच्या टीमलासुद्धा १० कोटी पौंडांच्या वर मिळतात. उरलेला भाग पॅराशूट पेमेंट, म्हणजे खाली पडलात तर आपटू नये म्हणून दिलेले पैसे: टीव्हीच्या समान वाट्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी, आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी, पण वरच्या लीगमधनं एकाच सीझनमध्ये परत खाली आलात तर तिसरा हप्ता नाही. म्हणजे वर जाऊन लगेच खाली आलं तरी पुढची दोन वर्षं पैसा येत राहतो. आमच्या कट्ट्यावर 'एका वर्षात खाली आले, काय मिळालं' म्हणणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

ल्युटननं ह्या पैशाचं पहिल्या वर्षी काय केलं? उधळले नाहीत, आणि मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक इथंच आहे. लीगमध्ये सगळ्यात कमी खर्च करणाऱ्यांत ते होते. चॉंग बर्मिंगहॅमकडनं, कामिन्स्की ब्लॅकबर्नकडनं, ओगबेने रॉदरहॅमकडनं फुकटात, रॉस बार्कली नीसकडनं फुकटात आणि त्या बार्कलीनं वर्षभर मिडफिल्ड असं चालवलं की पुढच्या उन्हाळ्यात ॲस्टन व्हिलानं पैसे देऊन नेला. सगळ्यांनी आधीच भाकीत केलेलं की ही टीम सगळ्यात कमी पॉइंटचा विक्रम करणार. केले २६. ६ जिंकल्या, ८ ड्रॉ, २४ हरल्या, अठरावा नंबर. वरच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३२, आणि तेही त्यांचे ४ पॉइंट कापल्यानंतर.

२६ पॉइंट म्हटलं की वाटतं धुलाई झाली. पण मॅचेस बघितल्यात का? लिव्हरपूलशी १-१, लिव्हरपूलची बरोबरी अगदी इंज्युरी टाइमला. आर्सेनलशी ३-४, डेक्लन राइसचा गोल ९७ व्या मिनिटाला. न्यूकॅसलला घरी १-० हरवलं आणि त्यांच्या मैदानावर ४-४. ३० जानेवारी २०२४ ला ब्रायटनला ४-०, अडेबायोची हॅटट्रिक. रात्रभर जागून बघितलेल्या मॅचेस आहेत ह्या आणि खरंच सांगतो एकाही मॅचला ही पोरं घाबरून खेळली असं दिसलं नाही. पण ब्रायटननंतर अख्ख्या सीझनमध्ये फक्त एक मॅच जिंकली, एप्रिलमध्ये बोर्नमथविरुद्ध. डिफेन्समधली माणसं एकेक करून जखमी, बदली खेळाडू त्या दर्जाचे नाहीत, आणि कॅप्टन टॉम लॉकियर. वेम्ब्लीच्या फायनललाच तो आठव्या मिनिटाला कोसळलेला, ऑपरेशन करून परत आला, आणि १६ डिसेंबरला बोर्नमथमध्ये मैदानावरच त्याचं हृदय बंद पडलं. वाचला. मॅच १-१ असताना थांबवली, मार्चमध्ये परत खेळवली तेव्हा ल्युटन हाफटाइमला ३-० पुढं होतं आणि ३-४ हरलं. बेंचवर कोण बसलंय ह्याची किंमत त्या दुसऱ्या हाफमध्ये दिसली. पातळ स्क्वॉडवर पहिले अकरा वरच्या लीगमध्ये टिकतात, ३८ मॅचेस टिकत नाहीत.

इथपर्यंत माझ्या मते क्लबनं काहीही चुकीचं केलेलं नाही. खरी चूक पुढच्या वर्षी झाली आणि तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष प्रीमियर लीगवर.

२०२४-२५ ला चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हा ल्युटनकडं पॅराशूटचा मोठा हप्ता होता, बरीचशी जुनी टीम जागेवर होती आणि बऱ्याच जणांनी त्यांना परत वर जाणाऱ्यांत धरलेलं. मोठी रक्कम मोजून कार्डिफकडनं मार्क मॅकगिनेसला आणला. पहिलीच मॅच घरी, बर्नलीविरुद्ध, १-४ हरले. तिथनं गाडी रुळावर आलीच नाही. बाहेरच्या मैदानावर तर पॉइंटच मिळेनात. जानेवारीत कोच रॉब एडवर्ड्स गेला, ज्यानं वर नेलं तोच माणूस, वायकम्बकडनं मॅट ब्लूमफिल्ड आला, ट्रान्सफर विंडोत बरेच नवे खेळाडू आले, म्हणजे अर्ध्या सीझनमध्ये नवीन कोच, नवीन पद्धत, नवीन चेहरे. एप्रिलमध्ये जरा जीव आला, लागोपाठ मॅचेस जिंकल्या, शेवटच्या दिवशी वाचायची संधी होती. वेस्ट ब्रॉमवर ३-५ हरले. ४९ पॉइंट. हल सिटीचेही ४९, पण हलचा गोलफरक चांगला म्हणून हल वाचलं आणि ल्युटन गेलं.

माझं वाचन असं आहे: वर गेल्यावर क्लबला आपण कोण आहोत हे नीट ठाऊक होतं, खाली आल्यावर ते डळमळलं. आधीची नऊ वर्षं ही टीम भूक असलेल्या, इतरांनी सोडलेल्या खेळाडूंवर चढली. पॅराशूटचा पैसा हातात आल्यावर 'आता आपण परत वर जाणारच' हे गृहीत धरून टीम ठेवली गेली, आणि त्या टीमनं वर्षभर हरायची सवय लावून घेतलेली. २४ मॅचेस हरलेल्या ड्रेसिंग रूमला सहा आठवड्यांच्या सुट्टीनंतर 'आता तुम्ही फेव्हरिट' म्हणून सांगायचं, हे माणसांना झेपत नाही. पॅराशूट हा घसरणारी टीम सावरायला दिलेला पैसा आहे, तो चढाईचा पैसा समजला की घोळ होतो.

लगेच कुणीतरी म्हणेल की मग बर्नलीचं काय? बरोबर. बर्नलीपण २०२४ लाच प्रीमियर लीगमधनं खाली आली, २४ पॉइंटवर, आणि पुढच्याच वर्षी १०० पॉइंट करून परत वर, अख्ख्या सीझनमध्ये फक्त १६ गोल खाल्ले. पण बर्नलीची वर-खाली जायची अनेक वर्षांची सवय आहे, तिथली सगळी यंत्रणा त्या साइजची आहे. आणि पैसा ओतला की टिकता येतं असंही नाही. इप्सविचनं २०२४ ला वर जाऊन दहा कोटी पौंडांहून जास्त खर्च केला, २२ पॉइंट. साउदॅम्प्टन १२ पॉइंट. २०२३-२४ ला वर गेलेल्या तिन्ही टीम खाली आल्या, २०२४-२५ लापण तिन्ही. ह्या दोन वर्षांत टिकून दाखवणं हा निकष लावला तर सहापैकी सहा नापास, म्हणजे तो निकषच कामाचा नाही.

मला ह्या केसमध्ये सगळ्यात भारी वाटते ती दुसरी टीम, वेम्ब्लीवर समोर असलेली. कोव्हेंट्री. मॅच १-१, शूटआऊट ६-५, त्यांच्या डाबोची पेनल्टी वर गेली. एका किकनं दोन क्लबचे रस्ते वेगळे झाले, असा तुलनेचा योग कुठं मिळणार? कोव्हेंट्री खालीच राहिली, उन्हाळ्यात सगळ्यात चांगले दोघे विकायला लागले, ग्योकेरेस स्पोर्टिंगला आणि हामर शेफिल्ड युनायटेडला. वाटलं संपले. २०२४ ला एफए कपच्या सेमीफायनलला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ वरनं ३-३ केलं आणि पेनल्टीवर हरले. २०२४-२५ ला चॅम्पियनशिपमध्ये पाचवे, त्याच टेबलात ल्युटन बावीसावं. नुसता लीगमधला नंबर बघितला तर हरणाऱ्यांचं बरं झालं असंच म्हणावं लागेल.

पण नंबर हाच सगळा हिशोब नाही. ल्युटनला कित्येक दशकं नवीन मैदान पाहिजे होतं. गावाच्या मध्यातली पॉवर कोर्टची जागा, तिथं २५ हजारांचं स्टेडियम, सुधारित आराखड्याला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, टीम टेबलात तळाला धडपडत असताना. प्रीमियर लीगच्या एका वर्षाचा पैसा आणि पॅराशूट नसता तर ह्या कामाला हात घालायची ताकद ह्या क्लबकडं कुठनं आली असती? खेळाडूंवर उधळला नाही म्हणून तो पैसा जागेवर राहिला. आणि मालकी समर्थकांतल्या माणसांची आहे, सपोर्टर ट्रस्टकडं क्लबचं नाव, रंग, बोधचिन्ह बदलू न देण्याचा अधिकार आहे, म्हणून वर गेल्यावर कुणी येऊन क्लब विकून खाल्ला नाही. माझ्या मते प्रमोशन परवडलं ते एवढ्यासाठी. लीग वनमध्ये जाणं टाळता आलं असतं, तो तोटा खरा आहे, मोठा आहे, पण तो प्रमोशनच्या खात्यावर मांडायचा नाही, त्यानंतरच्या वर्षाच्या खात्यावर मांडायचा.

उलटं उदाहरण आपल्याच देशात आहे. मोहमेडन स्पोर्टिंग, १८९१ चा क्लब, १९३४ ला कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब. २०२३-२४ ची आय-लीग, म्हणजे भारतातली दुसऱ्या पायरीची लीग, जिंकून सगळ्यात वरच्या आयएसएलला गेले. २०२४-२५ ला तेरापैकी तेरावे. पगार थकले, खेळाडू नाराज, कोच चेर्निशोव्ह सीझनच्या मध्येच सोडून गेला. तिथं तर खाली पडायची भीतीही नव्हती, आयएसएलमध्ये रिलिगेशन, म्हणजे तळाच्या टीमला खाली पाठवणं, हा प्रकारच नव्हता! आणि प्रीमियर लीगसारखा टीव्हीचा पैसाही नाही. वर गेलं की खर्च वाढतो पण उत्पन्न आपोआप वाढत नाही, अशी ती लीग. आपल्या कोल्हापूरची परिस्थिती ल्युटनपेक्षा मोहमेडनच्या जवळची आहे, हे कडू असलं तरी मान्य करायला पाहिजे. आपल्याला वरच्या गटात गेल्यावर टीव्हीचे पैसे येत नाहीत, वर्गणी आणि चार देणगीदार, तेवढंच.

मग आमच्या पेठेनं वर जाऊ नये का? मी जायच्या बाजूनं आहे, आणि तावातावानं आहे. आपल्याकडं वर जाण्याचा फायदा पैशात नसतो, पोरांच्या नजरेत असतो. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताच्या टीममध्ये खेळला, त्यानंतर गावातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात काय बदललं हे मैदानावर उभं राहिलं की दिसतं. मोठ्या मॅचला, भरलेल्या स्टेडियममध्ये आपल्या गल्लीचा पोरगा पंधरा मिनिटं जरी खेळला तरी तो वेगळा होऊन परत येतो, आणि बघणारे तर शंभर. पण बाहेरचे सहा आणून आपली पोरं बेंचवर बसवली तर तेही मिळणार नाही, सीझन संपला की बाहेरचे जातात आणि बसून कंटाळलेली आपली पोरं दुसऱ्या तालमीच्या टीमकडं जातात, हे आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे.

म्हणून माझ्या सूचना ह्या, आणि त्या मी मंडळाच्या दादा लोकांसमोरपण अशाच मांडल्यात. बाहेरचे दोन, फार तर तीन, गोलकीपर आणि सेंटर बॅकच्या जागी, आणि बोलणी एकाच सीझनची. देणगी वाढेल ती सगळी पहिल्या टीमवर घालायची नाही, निम्मी चौदा वर्षांखालच्या पोरांच्या कोचच्या पगाराला आणि किटला, आणि ती वेगळ्या खात्यात, म्हणजे फेब्रुवारीत चार मॅच हरल्यावर घाबरून कुणी तिला हात लावणार नाही. कोचला दोन सीझनचा शब्द आत्ताच द्यायचा, खाली आलो तरी तोच. आणि खाली आलो तर पुढच्या वर्षी परत वर जायचंच असली पैज मंडळानं लावायची नाही, तो सीझन एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना द्यायचा. पैशाच्या मुद्द्यावर मंडळातल्या एका काकांनी विचारलं की एवढं करून देणगीदाराला काय सांगायचं. त्याला खातं दाखवायचं, कुठल्या पोराच्या बुटाला किती गेले ते नावानिशी.